जाळकाकांच्या भट्टीतला युरिया

आमच्या रंगाईच्या कारखान्यात एके काळी एक बातमी फार चवीने चघळली गेली. जाळकाकांनी म्हणे सख्ख्या मेहुण्याला गोत्यात आणायला बॉयलरच्या भट्टीत युरियाची पोती ओतली. तीन पोती! कुणी म्हणे पाच. शेतात टाकायचं खत भट्टीत टाकून माणूस काय पिकवणार, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. बातमी खमंग असली की प्रश्न पडायचे आपोआप थांबतात. "घरचं भांडण आहे हो," एवढं हलक्या आवाजात म्हटलं की ऐकणारा अशी मान डोलवायचा, जणू पोती त्यानेच मोजली होती.

जाळकाका म्हणजे आमचे फायरमन. अठ्ठावीस वर्षं एकाच बॉयलरपाशी. कारखान्यात ब्लँकेटं रंगायची, रंगाच्या हौदांना वाफ लागायची, वाफेला बॉयलर लागायचा आणि बॉयलरला जाळकाका. भट्टीच्या दाराला पंज्याएवढा झरोका होता. डोळ्यासमोर निळी काच धरून ते त्यातून आत बघायचे आणि नुसत्या रंगावरून जाळाची नाडी सांगायचे. लालसर, लोळत पडलेला जाळ दिसला की म्हणायचे, "उपाशी आहे, हवा द्या." पिवळा होऊन सरळ उभा राहिला की, "पोट भरलं." आणि पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा झाला की मिशीवरून बोट फिरवून, "आता कसा नवरदेव दिसतोय!"

मी गेटवरच्या खिडकीत बसून हजेरी मांडायचो. कारखान्याच्या पोटात जाणारी आणि पोटातून बाहेर येणारी प्रत्येक गोष्ट माझ्या खिडकीसमोरून जायची, बातम्यासुद्धा. दर अर्ध्या तासाने जाळकाका बाहेर यायचे, कपाळावर आडवा हात धरायचे आणि धुराड्याच्या टोकाकडे बघायचे. धूर दिसला नाही की समाधानाने परत आत. एकदा मी विचारलं, "काका, वर राहतं तरी कोण? रोज इतक्या वेळा भेटायला येता."

"माझी अब्रू राहते," ते म्हणाले.

यात फुशारकी नव्हती. त्या धंद्यात फायरमनची अक्कल धुराड्याच्या टोकावर मोजतात. वर काळं दिसलं तर माणूस कच्चा. काहीच दिसलं नाही तर माणूस पक्का. जाळकाकांच्या धुराड्यातून अठ्ठावीस वर्षांत काळा धूर निघाला नव्हता. भिंतीपलीकडे शाळा होती, तिच्या मागे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या, आणि तिथल्या बायका म्हणायच्या की कारखाना सुरू आहे की बंद हे भोंगा ऐकल्याशिवाय कळत नाही. हे वाक्य जाळकाका पदकासारखं छातीवर लावून हिंडायचे.

घरीसुद्धा चैन नव्हतं. काकूंच्या गॅसची ज्योत जरा पिवळी दिसली की हे वाकून बटण फिरवायला लागायचे. काकू चमच्याने त्यांचा हात बाजूला सारायच्या. "तुमची भट्टी तिकडेच ठेवून या हो. इथे माझं दूध उतू चाललंय आणि हे ज्योतीचं सौंदर्य बघतायत. माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलं नाहीत!"

"तू कधी पांढरी पडली नाहीस," काका म्हणायचे.

काकूंचा धाकटा भाऊ त्यांचा फार लाडका. घरात त्याला बाळ्या म्हणत. पंचेचाळिशी आली, पोट सुटलं, डोक्यावरचं छप्पर उडालं, तरी बाळ्याच. त्याला कारखान्यात चिकटवला जाळकाकांनीच, आणि हळूहळू तो जळणाच्या आवाराचा मुकादम झाला. लाकडाच्या गाड्या उतरवून घ्यायच्या, यंत्रातून तुकडे काढायचे आणि पट्ट्यावर सोडायचे, हे त्याचं काम. भिंतीतल्या खिडकीतून तो पट्टा पलीकडे जायचा आणि तुकडे जाळकाकांच्या हॉपरमध्ये पडायचे. हॉपर म्हणजे भट्टीच्या डोक्यावरचं मोठं नरसाळं. भिंतीच्या एका अंगाला मेहुणा, दुसऱ्या अंगाला भाऊजी. जळण कसं येतंय हे बघायला जाळकाका आवारात कधी गेले नाहीत. "तिकडे बाळ्या आहे ना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बाळ्याच्या जिभेवर साखर पेरलेली होती. मला तो 'हजेरीमालक' म्हणायचा. मालक म्हटलेलं कुणाला आवडत नाही? मलाही आवडायचं.

एके दिवशी सकाळी धुराड्याच्या टोकाला करडी शेपटी दिसली. जाळकाका असे धावत आत गेले की मला वाटलं आत कुणी चक्कर येऊन पडलं. थोड्या वेळाने भिंतीच्या खिडकीपाशी उभं राहून ते ओरडत होते, "अरे बाळ्या, काय पाठवतोयस? डोळ्यांना झोंबतंय. नव्या कपाटाच्या आत येतो तसला वास येतोय."

पलीकडून आवाज आला, "लाकूड ओलं आलंय हो भाऊजी. गाडीवाले उघड्यावर टाकतात. जरा हवा वाढवा की. तुमच्या हाताला काय नवीन शिकवायचं!"

भाऊजी विरघळले. त्यांनी खालची हवेची झडप आणखी दोन बोटं उघडली. भट्टीत जळण एका लोखंडी जाळीवर पसरतं आणि पंख्याची हवा जाळीखालून वर येते. ती वाढली की जाळ फोफावतो. जाळ पांढरा झाला, शेपटी गेली, अब्रू परत आपल्या जागी जाऊन बसली. पुढचे अकरा महिने हेच चाललं. वर धूर दिसला की खाली झडप दोन बोटं. जाळ इतका लखलखीत की निळ्या काचेतूनसुद्धा काका डोळे किलकिले करायचे. "बाबू," ते मला म्हणाले, "अठ्ठावीस वर्षांत असा जाळ नाही बघितला. म्हातारपणी हात बसला बघ." डोळे मात्र त्यांचे लाल असायचे, आणि ओल्या लाकडाला नव्या कपाटाचा वास कसा, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बाळ्या म्हणाला ना ओलं आहे म्हणून."

मग नवा नियम निघाला. प्रत्येक कारखान्याचं धुराडं मापायचं, आणि आकडा मर्यादेबाहेर गेला तर बॉयलर बंद. मापायला एक बाई आली, असेल सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. हातात पेटी, खांद्यावर लांब पोलादी नळी. त्या दिवशी निम्म्या कारखान्याला धुराड्यापाशी काही ना काही काम निघालं. जाळकाकांनी तर धुतलेला शर्ट घातला होता. परीक्षेला बसलेल्या हुशार मुलासारखे ते शिडीखाली उभे होते. पहिला नंबर कोणाचा ते माहीतच होतं, फक्त कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं बाकी होतं.

बाईने धुराड्याच्या भोकातून नळी आत घातली, पेटीकडे बघितलं, नळी काढली, पुसली आणि परत घातली. मग म्हणाली, "सातशे ऐंशी. मर्यादा तीनशेची आहे."

"कशाचे सातशे ऐंशी?" काका.

"नायट्रोजनचे ऑक्साइड. एक घनमीटर धुरात इतके मिलिग्रॅम."

"पण धूर आहेच कुठे? वर बघा. सुईएवढा दाखवा आणि मिशी कापून घ्या."

बाई हसली, पण वाईट हसली नाही. "काका, तुमची मिशी राहू दे. धूर नाहीच आहे. जे आहे ते दिसत नाही. बाहेर पडून हवेत मिसळलं की छातीत उतरतं. आणि भिंतीपलीकडे शाळा आहे."

शाळा म्हटल्यावर काकांच्या चढलेल्या भुवया खाली आल्या. त्यांनी तिला बाकावर बसवलं, स्वतः हॉपरच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "मला नीट सांगा. हा कुठून आला?"

तिने सांगितलं ते मी शेजारी उभा राहून ऐकलं, आणि मलाही कळलं म्हणजे सोपंच असणार. आपण श्वासात घेतो त्या हवेत पाच भागांतले जवळपास चार भाग नायट्रोजनच असतो. पण तो दोघं-दोघं घट्ट हात धरून राहतो.

"म्हणजे जुन्या नवराबायकोसारखा," काका म्हणाले. "भांडतील, पण घर मोडणार नाही."

"अगदी तसाच. ते हात सुटायला चौदाशे-पंधराशे अंशांची आग लागते. तुमची भट्टी तेवढी तापत नाही. तेव्हा तुमच्याकडचा नायट्रोजन हवेतला नाही, जळणातला आहे. जळणातला एकटा असतो, कुणाचाच हात धरलेला नसतो. जळण तापलं की आधी त्यातून वाफा सुटतात, त्यांच्याबरोबर तो बाहेर पडतो. त्या क्षणी आजूबाजूला प्राणवायू कमी असेल, तर तो आपल्यासारखाच दुसरा एकटा शोधतो, जोडी जमवतो आणि गुपचूप निघून जातो. कुणाला त्रास नाही. पण तिथेच प्राणवायूची गर्दी असेल, तर त्याचाच हात धरून बसतो. तोच हा सातशे ऐंशी."

काकांनी झडपेच्या दांड्याकडे बघितलं. "म्हणजे मी खालून जितकी हवा दिली..."

"तितकी त्याची चुकीची लग्नं लागली."

माणसाला थप्पड बसली की तो गाल चोळतो. जाळकाकांनी निळी काच शर्टाच्या टोकाने पुसली. अकरा महिने ज्या पांढऱ्या जाळाला ते नवरदेव म्हणत होते, त्यानेच त्यांच्या डोळ्यांदेखत गळा कापला होता, आणि तोही वर काहीएक न दाखवता. अठ्ठावीस वर्षं जे धुराड्याचं टोक त्यांच्या बाजूने साक्ष देत होतं, ते एवढे दिवस खोटी साक्ष देत होतं.

"पण काका," बाई म्हणाली, "साध्या लाकडात नायट्रोजन नावापुरता असतो. कितीही हवा दिलीत तरी इतका आकडा येणार नाही." तिने हॉपरमधून मूठभर तुकडे उचलले. एक तुकडा बोटांत धरून मोडला. आत लाकडाचे धागे नव्हते. दाबलेला भुसा होता, आणि एका बाजूला गुळगुळीत पांढरा पापुद्रा. "हे लाकूड नाही. कपाटं-टेबलांचा बोर्ड आहे. भुसा चिकटवायच्या डिंकात युरिया असतो, आणि युरियात नायट्रोजनच नायट्रोजन. हा नमुना मी तपासायला नेते."

काका उठून झडपेपाशी गेले. आधी हातातलं काम, मग बाकीचं, असा त्यांचा स्वभाव. त्या दुपारी त्या पोरीकडून ते नव्याने जाळ शिकले. खालची हवा कमी केली, वरच्या बाजूला जी हवेची भोकं अर्धवट बंद होती ती उघडली. म्हणजे जळण आधी उपाशी ठेवायचं, त्यातल्या एकट्यांना जोड्या जमवायला वेळ द्यायचा, आणि उरलेला धूर वरच्या हवेत जाळून टाकायचा. पहिल्या पंधरा मिनिटांत धुराड्यातून अठ्ठावीस वर्षांतला पहिला काळा लोट निघाला. शाळेतली मुलं खिडकीत आली. काका वर बघायला बाहेर आले नाहीत, आतच दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. संध्याकाळपर्यंत हात बसला. खाली मळकट नारिंगी जाळ, वर उजळ. धूर गेला आणि आकडा सातशे ऐंशीवरून चारशे सत्तरवर आला.

"फार छान," बाई म्हणाली. "बरेच जण महिनाभर शिकतात. पण याच्या खाली नाही येणार. थोडा नायट्रोजन निखाऱ्यात दडून बसतो आणि निखारा जळताना निघतो. त्याचं हवेने काही होत नाही. जळणच बदलावं लागेल." आणि पेटी बंद करता करता म्हणाली, "आठ दिवसांनी तपासणीचा कागद घेऊन येते. दोष जाळाचा की जळणाचा, ते कारखान्याला लिहून द्यावं लागेल. ज्याचा असेल त्याला त्या जागेवर ठेवता येणार नाही."

बाई गेली तसे काका, बाळ्या मुकादम झाल्यापासून पहिल्यांदा, जळणाच्या आवारात गेले.

पुढे लाकडाचा ढीग होता, छान, सालीसकट. मागे ताडपत्री. ताडपत्री उचलली तर खाली कपाटांची दारं, टेबलांच्या वरच्या फळ्या, बिजागऱ्या, एका फळीवर मुलांनी चिकटवलेली फुलपाखरं. आवाराची रीत अशी की गाडी उतरली की मुकादमाने वरच्या एका फळीवर लाल रंगाने तारीख घालायची. त्या तारखा काकांनी वाचल्या. सगळ्यात जुनी अकरा महिन्यांपूर्वीची. आकडे बाळ्याच्या हातचे. त्याचा चार हा आकडा पाय दुमडून बसलेल्या माणसासारखा असायचा, तो सगळ्यांना ओळखू यायचा.

"भाऊजी? तुम्ही कशाला इकडे आलात?" बाळ्या मागे उभा होता.

"ओलं लाकूड बघायला आलो."

बाळ्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. "अहो, चांगलं लाकूड वेळेवर येईना. हा बोर्ड कुठेही टाकून देतात लोक. मी म्हटलं, जळतं ना, मग झालं. पट्टा रिकामा राहिला असता तर साहेबांनी माझं सालटं काढलं असतं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही जाळला असतात?" आणि मग तो जे बोलला, ते काकांनी मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा अगदी त्याच शब्दांत. "भाऊजी, दुसरा फायरमन असता तर पहिल्या दिवशीच काळा धूर निघाला असता आणि मी पकडला गेलो असतो. तुम्ही धूर दिसू देत नाही, म्हणून तर मी निर्धास्त होतो."

काकांनी एक फळी गुडघ्यावर मोडली आणि लाल तारखेचा तळहाताएवढा तुकडा खिशात घातला. बाळ्याने त्यांचे पाय धरले. खरोखरच धरले, नुसतं बोलण्यापुरतं नव्हे. "आज कुणाला काही सांगू नका. बैठकीत मीच सांगतो साहेबांना, माझ्या तोंडाने. तुम्ही सांगितलंत तर मी चोर ठरेन, मी सांगितलं तर चूक ठरेल. ताईची शपथ."

शपथ ताईची, म्हणजे काकांच्याच बायकोची. दुसऱ्याच्या वस्तूवर शपथ घ्यायला बाळ्याला कधी अडचण पडली नाही. काका म्हणाले, "ठीक. तू बोल. तू बोललास तर हा तुकडा बाहेरसुद्धा काढणार नाही."

त्या आठ दिवसांत युरियाच्या पोत्यांची बातमी कारखानाभर झाली. रंगवाल्यांनी ऐकली, धुलाईवाल्यांनी ऐकली, आणि शाळेच्या शिपायाने तर मला सांगितलं की पोती ओतताना बघणारा माणूस त्याच्या ओळखीचा आहे. काकांच्या कानावर गेली तेव्हा ते बाळ्याला म्हणाले, "ही पोत्यांची काय भानगड?" बाळ्या म्हणाला, "लोकांच्या तोंडाला झाकण आहे का भाऊजी? मनावर घेऊ नका."

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी काकांनी काकूंना सगळं सांगितलं आणि तुकडा दाखवला. "बाळ्या बोलणार आहे, पण असावा जवळ."

काकू तुकडा हातात घेऊन लाल आकडे बघत राहिल्या. "इकडे द्या," त्या म्हणाल्या. "खिशात ठेवून शर्ट फाडाल. वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवते."

बैठक साहेबांच्या खोलीत झाली. साहेब, मापनवाली बाई, जाळकाका, बाळ्या, आणि काय बोलणं होतं ते उतरवून घ्यायला मी. खोलीला पंखा एकच होता आणि तो साहेबांकडे तोंड करून होता. बाईने कागद ठेवला. हॉपरमधल्या जळणात डिंकाचा बोर्ड निम्म्याहून जास्त. दोष मुख्यतः जळणाचा. खालची हवा जास्त दिल्याने त्यात भर.

साहेब म्हणाले, "मुकादम, बोर्ड कुठून आला?"

काकांनी बाळ्याकडे बघितलं. असं बघितलं, जसं बाप नाटकात उभ्या राहिलेल्या मुलाकडे बघतो. पहिलं वाक्य आठवलं की पुढचं आपोआप येईल.

बाळ्या उठला. "साहेब, आवार उघडं आहे. आत्ता चला, एक फळी सापडली तर माझे कान कापा. बोर्ड सापडला तो हॉपरमध्ये, आणि हॉपर माझ्या ताब्यात नाही." मग जरा थांबून, अगदी दुखऱ्या आवाजात, "भाऊजी मला वडिलांसारखे आहेत. पण वय झालं. जाळ नीट दिसत नाही, डोळे बघा किती लाल झालेत. हवा फार देतात, मी कितीदा म्हटलं."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि हे पोत्यांचं मी काय ऐकतोय?"

"त्याबद्दल मी काही बोलणार नाही साहेब," बाळ्या म्हणाला. "घरातलं माणूस आहे."

हे न बोलणं पाच पोत्यांपेक्षा जड होतं.

बाई म्हणाली, "पोती ओतून असा नमुना येत नाही. हा डिंकातलाच युरिया आहे." साहेब म्हणाले, "असेल. पण तुम्ही तो हॉपरमधून उचलला, आवारातून नाही." आणि ते खरं होतं.

मग काका उठले. घाई केली नाही. पिशवी मांडीवर घेतली, डबा काढून टेबलावर ठेवला आणि तळातून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. "मला हे दाखवायचं नव्हतं," ते म्हणाले. "यावर तारीख आहे, आणि हात कुणाचा ते तुम्हीच ओळखा." त्यांनी कागद उलगडला.

आत कपडे धुवायच्या साबणाची वडी होती.

साहेबांनी ती उचलून उलटसुलट केली. "यावर कंपनीचं नाव आहे. तारीख कुठे आहे?"

पहिला हसला तो बाळ्या. मग साहेब. माझ्याही तोंडातून फिस्सकन हसू निसटलं, ते आजतागायत मला परत आत घेता आलेलं नाही. बाई हसली नाही. काकांनी वडी परत कागदात गुंडाळली, कडा नीट दुमडल्या, डबा पिशवीत ठेवला. "हवा मी जास्त दिली," ते म्हणाले. "ते खरं आहे. लिहा."

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली.

त्यांना घरापर्यंत सोडायला मीच गेलो. काकू दारातच होत्या, जणू दुपारपासून तिथेच उभ्या असाव्यात. काकांनी वडी मोरीच्या कट्ट्यावर ठेवली.

"तुकडा कुठे आहे?"

"बाळ्याला दिला. काल तुम्ही दळण आणायला गेलात तेव्हा आला होता. फार रडला हो. त्याच्या दोन मुली लग्नाच्या आहेत. तुमचं काय, दोन वर्षांनी सुटणारच होतात. त्याला माझ्याशिवाय कोण आहे?"

"आणि मी?"

काकूंनी पदराने हात पुसले. "तुम्ही रडला नाहीत," त्या म्हणाल्या.

काका आत गेले आणि कपडे बदलून पलंगावर बसले. काकूंनी चहा ठेवला. ज्योत पिवळी होती. कुणी बटण फिरवायला उठलं नाही. मी चहा न घेताच निघालो, आणि चहा सोडून निघणारा माणूस मी नव्हे.

त्यानंतर मी त्यांच्याकडे अधूनमधून जायचो. काका काकूंशी नीट बोलायचे, अगदी भाड्याच्या घरातल्या मालकिणीशी बोलावं तसं. हो, नको, ठेवा तिथे. बाळ्या सुट्टीच्या दिवशी जेवायला यायचा. काका त्याला वाढायला सांगायचे आणि स्वतः बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचे. एकदा बाळ्या हात पुसत म्हणाला, "भाऊजी, आता आकडा एकशे नव्वद येतो बरं का. नवा फायरमन तुम्ही लावून दिलेली हवा तशीच ठेवतो." काका पेपर न उतरवता म्हणाले, "जळण चांगलं येत असेल." त्याहून जास्त त्यांनी मेहुण्याला कधी काही म्हटलं नाही. मापनवाली बाई एकदा गेटवर त्यांची चौकशी करून गेली. मी निरोप पोहोचवला. "बरं आहे म्हणावं," एवढंच ते म्हणाले.

काका गेले, काकूही गेल्या. कारखाना आता गॅसवर चालतो. तरी जुनी माणसं भेटली की कुणीतरी डोळा बारीक करून विचारतंच, "काय हो, ती पोती तीन होती की पाच?"

पोतं एकही नव्हतं. भट्टीत युरिया कुणी ओतला नाही. तो बोर्डाच्या डिंकात होता, आणि बोर्ड बाळ्याने आणला होता. पोत्यांची गोष्ट मापनवाली पहिल्यांदा येऊन गेली त्याच संध्याकाळी बाळ्याने रचली, आणि गेटवरच्या खिडकीत वाकून मला सांगितली. बाकीच्यांना मी सांगितली.